सोलापूर ते सान्तियागो: ख्रिस्ती माणसानं परक्या मुलखात पायी कसं जावं

कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरकडे जाणारा रस्ता रात्रभर माणसांनी वाहत असतो. पंचेचाळीस किलोमीटर, बहुतेक जण अनवाणी. आमचं घर त्या रस्त्यापासून जवळ. माझी आई दर रविवारी उपासनेला पहिल्या बाकावर बसणारी, पण त्या रात्री ती दारात पाण्याची घागर आणि दोन तांबे घेऊन उभी राहायची. पाणी देताना कोण, कुठला, कुठे निघालास हे विचारायचं नाही, एवढा तिचा एकच नियम होता.

मी चोपन्नाव्या वर्षी स्पेनमध्ये पायी चाललो, तेव्हा पहिल्यांदा घागरीच्या पलीकडच्या बाजूला उभा राहिलो. एका खेड्यात एका आजीबाईंनी काही न विचारता माझ्या हातात दोन सफरचंदं ठेवली. घेताना मी इतका संकोचलो की धन्यवाद म्हणायचंही राहून गेलं. द्यायची सवय आपल्याला लहानपणापासून असते, घ्यायची शिकावी लागते. परका मुलूख पायी बघायचा तर पाहुणा होऊन घेता यायला हवं, आणि या लेखातल्या बहुतेक सूचना त्याच तयारीच्या आहेत.

कुठे जायचं

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात गालिसिया प्रांतात सान्तियागो दे कोम्पोस्तेला हे गाव आहे. येशूचा शिष्य, जब्दीचा मुलगा याकोब, ज्याला हेरोदानं तरवारीनं मारल्याचं प्रेषितांच्या कृत्यांत १२व्या अध्यायात आपण वाचतो, त्याची कबर इथे आहे अशी परंपरा आहे. नवव्या शतकापासून लोक तिथे पायी जात आले. त्या वाटांना मिळून कामिनो म्हणतात, म्हणजे साधा ‘रस्ता’. सर्वांत प्रसिद्ध वाट फ्रान्सच्या हद्दीतल्या सां-जां-पिए-द-पोर गावातून निघते. ती जवळजवळ ७८० किलोमीटर आहे आणि तिला महिना-सव्वा महिना लागतो. युनेस्कोनं १९९३ मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत घेतली.

कबर खरंच याकोबाची आहे का, हा प्रश्न आमच्या पाळकसाहेबांनीही मला विचारला. त्याचं उत्तर सापडलं नाही तरी चालणं अडत नाही. हजार-अकराशे वर्षं माणसं त्या वाटेनं चालली, दमली, आजारी पडली, त्यांना कुणीतरी भाकरी दिली, एवढं तर नक्की आहे.

नोकरदार माणसाला महिनाभर रजा मिळत नाही. म्हणून अनेक जण सारिया गावापासून शेवटचे ११५ किलोमीटर चालतात. पायी किमान १०० किलोमीटर चालल्याशिवाय सान्तियागोत ‘कोम्पोस्तेला’ हे लॅटिनमधलं प्रमाणपत्र मिळत नाही, त्यामुळे सारियापासून पुढे फार गर्दी असते. माझा सल्ला आहे की चार-पाच दिवस जास्त काढा आणि पोनफेराडापासून सुरुवात करा. तिथून सुमारे २०५ किलोमीटर होतात आणि दहा दिवस पुरतात. मद्रिदहून तिथे रेल्वे जाते. पहिले पाच दिवस वाट मोकळी असते, गावकऱ्यांना तुमच्याशी बोलायला सवड असते आणि मधला डोंगर तुम्हाला चांगलं वाकवतो.

वर्ष निवडताना एक गोष्ट लक्षात घ्या. २५ जुलै हा याकोबाचा सण रविवारी आला की ते पवित्र वर्ष मानतात. असं पुढचं वर्ष २०२७ आहे. त्या वर्षी उत्सव मोठा असेल, गर्दीही तेवढीच. शांतपणे चालायचं असेल तर ते वर्ष टाळा. महिने मात्र मे, जूनचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबर हेच धरा. गालिसियात पाऊस कधीही येतो.

कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथे घाई केली की सगळं फसतं. पासपोर्टचं काम सोलापूरच्या पोस्टातल्या केंद्रात होतं. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन कोरी पानं असलेला हवा. स्पेनसाठी शेंगेन व्हिसा लागतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. पंधरा दिवसांची शेवटची मुदत कागदावर आहे, पण तिच्यावर विसंबू नका, तीन महिने आधी अर्ज करा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री निघून सकाळी मुंबईत उतरलं की दिवसभरात काम आटोपतं. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो.

पायी जाणाऱ्याची एक खास अडचण आहे. व्हिसासाठी रोजच्या मुक्कामाचा पत्ता द्यावा लागतो, आणि गालिसियातल्या सरकारी यात्री निवासांत आगाऊ जागा राखता येत नाही, जो आधी पोचेल त्याला खाट. म्हणून रद्द करता येतील अशा खासगी निवासांची आरक्षणं करा आणि सोबत एक पानाचं पत्र जोडा: कोणत्या दिवशी कुठून कुठे, किती किलोमीटर. माझा पहिला अर्ज मी असं पत्र न जोडता दिला आणि तो परत आला. दुसरा मंजूर झाला.

सोलापुरात राहून तयारी

बारा आठवडे हवेत. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो, म्हणून पहाटे पाचला बाहेर पडा. पहिले तीन आठवडे सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ल्याचा परिसर, सात रस्ता असे सहा-सात किलोमीटर रोज चाला. मग आठवड्यातून एकदा हिप्परगा तलावापर्यंत जाऊन परत या. आठव्या आठवड्यापासून पाठीवर भरलेली पिशवी घ्या. लोक विचारतील, सांगा. मला विचारणाऱ्यांतले तिघे नंतर महिनाभर माझ्यासोबत चालले.

सोलापुरात चढ नाही ही खरी उणीव आहे. त्यासाठी दोन वेळा तुळजापूरचा रस्ता पूर्ण चालून पाहा. शेवटी घाट आहे, तोच तुमचा सराव. एरवी चार मजली इमारतीचा जिना पिशवीसकट दहा-बारा वेळा चढा आणि मुख्य म्हणजे उतरा. गुडघे चढताना दमतात, पण बिघडतात उतरताना.

याच काळात एक दिवस वारीसाठी ठेवा. शेगावहून गजानन महाराजांची पालखी सोलापूर शहरातून मंगळवेढ्याकडे जाते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीपाशी आपल्या जिल्ह्यात येते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव करत वाखरीला पोचते. ख्रिस्ती माणसानं तिथे जावं का, असं काही जण विचारतील. नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाल्यावरही तुकोबांना विसरले नाहीत. त्यांनी आपल्या प्रभूची भजनं याच मातीच्या चालींत लिहिली आणि आपण ती आजही म्हणतो. वारकऱ्यांजवळ बसा, वय झालेल्या एखाद्या माऊलींना विचारा: पायाला काय लावता, रात्री कुठे झोपता, दमल्यावर काय म्हणता? बूट विकणाऱ्या कोणत्याही दुकानात मिळणार नाही एवढं शहाणपण तिथे मिळतं. खोबरेल तेल रात्री आणि पुन्हा पहाटे निघण्याआधी बोटांच्या बेचक्यांत लावायचं, हे मी वेळापूरजवळ शिकलो आणि स्पेनमध्ये दहा दिवस पाळलं. एक दिवस चुकलो, त्याच दिवशी टाचेला फोड आला.

पिशवीत काय

आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं नको. सत्तर किलोच्या माणसाला पाण्यासकट सात किलो. बूट नेहमीपेक्षा एक नंबर मोठे घ्या, कारण चालून पाय सुजतात, आणि निघण्याआधी ते शंभर-दीडशे किलोमीटर वापरलेले असू द्या. लोकरीचे तीन मोजे, दोन जोड कपडे, पिशवीही झाकेल असा रेनकोट, निवासात घालायला चपला.

सोलापुरी चादर नेऊ नका. हे लिहिताना मलाच वाईट वाटतं, पण ती जड आहे आणि भिजली की दोन दिवस वाळत नाही. तिच्याऐवजी हलकी स्लीपिंग बॅग घ्या. टर्किश टॉवेलही घरीच ठेवा, पातळ पंचा पुरतो आणि तासाभरात वाळतो. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मात्र जरूर घ्या. टिकते, हलकी असते आणि वाटेत कुणाला देण्यासारखी आपल्या घरची तेवढी एकच गोष्ट तुमच्याकडे असते. युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून तूप, पेढे, खवा नको.

पवित्र शास्त्र पूर्ण नेलं तर अर्धा-पाऊण किलो होतं. मी नवा करार आणि स्तोत्रसंहिता असलेली छोटी प्रत नेली. १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं यरुशलेमेला चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची आहेत. रोज निघताना एक म्हणायचं. १२१वं मी ओ सेब्रेइरो या डोंगरावरच्या गावाच्या चढासाठी राखून ठेवलं होतं.

पत्रकं, पुस्तिका वाटायला नेऊ नका. आपल्या मंडळीत काहींना हे पटणार नाही, तरी मी ठामपणे सांगतो. अम्माऊसच्या वाटेवर प्रभू त्या दोघांसोबत चालू लागला, तेव्हा त्यानं पहिल्यांदा प्रश्न विचारला: चालताना तुम्ही कशाबद्दल बोलत आहात? आणि मग त्यांचं सगळं ऐकून घेतलं. कामिनोवर चालणारे सगळेच श्रद्धाळू नसतात. कुणाचा घटस्फोट झालेला असतो, कुणाचं मूल गेलेलं असतं. त्यांनी विचारलं तर आपल्या विश्वासाबद्दल जरूर सांगा. मला दहा दिवसांत चार जणांनी आपणहून विचारलं.

रोजचा दिवस

सुरुवातीच्या गावात यात्री निवासातून किंवा चर्चमधून ‘क्रेदेन्सियाल’ घ्या. हा घडी घातलेला यात्रेकरूचा दाखला असतो. दर मुक्कामी, चर्चमध्ये, चहा-कॉफीच्या दुकानात त्यावर शिक्का मिळतो. शिक्क्याला ‘सेयो’ म्हणतात. सान्तियागोपर्यंत रोज दोन शिक्के घ्या. हा दाखला हातात असला तरच यात्री निवासात, म्हणजे ‘अल्बेर्गे’त, खाट मिळते.

वाट चुकायची भीती नको. पिवळे बाण सर्वत्र आहेत. ओ सेब्रेइरो गावचे पाद्री एलियास वालिन्या यांनी १९८०च्या दशकात ही विसरत चाललेली वाट पुन्हा जागी केली आणि पिवळ्या रंगानं बाण काढत गेले. त्या गावात चर्चजवळ त्यांचा अर्धपुतळा आहे. तिथे दोन मिनिटं थांबा.

सकाळी लवकर उठायच्या आपल्या सवयीला तिथे अडचण येते. स्पेनचं घड्याळ मध्य युरोपाचं आहे आणि गालिसिया तर अगदी पश्चिमेला, त्यामुळे सप्टेंबरात आठ वाजेपर्यंत अंधार असतो आणि जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड. अंधारात चालू नका, बाण दिसत नाहीत. दुपारी दोनच्या सुमारास दुकानं बंद होतात ती पाचनंतर उघडतात, रविवारी खेड्यात काही मिळत नाही, रात्रीचं जेवण आठच्या आधी क्वचित. म्हणून दुपारी दीडच्या आत मुक्कामी पोचा, आधी दुकान गाठा, मग अंघोळ, कपडे धुणं, झोप. अल्बेर्गेत बूट दाराशी काढून ठेवायचे, दहाला दिवे बंद, सकाळी आठच्या आत बाहेर, एका ठिकाणी एकच रात्र. सरकारी निवासाला साधारण १० युरो पडतात. जेवणखाण धरून दिवसाला ४० ते ५० युरोंत नीट भागतं.

काही निवासांवर ‘दोनातिवो’ लिहिलेलं असतं, पैसे पेटीत स्वेच्छेनं टाकायचे. त्याचा अर्थ फुकट असा घेऊ नका. तुम्ही टाकलेल्या पैशातून उद्या येणाऱ्याचा स्वयंपाक होतो. तिथे बहुधा सगळे मिळून जेवतात. भाजी चिरायला बसा. माझ्या सगळ्या प्रवासातल्या उत्तम गप्पा कांदे चिरतानाच झाल्या.

जेवणाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. लूकच्या १०व्या अध्यायात प्रभूनं बाहेर पाठवलेल्यांना सांगितलं की जिथे जाल तिथे पुढे वाढलेलं खा. ही मला प्रवासाची सर्वांत अवघड आज्ञा वाटली. मेलिदे गावात ‘पुल्पो’ म्हणजे उकडलेला ऑक्टोपस लाकडी ताटलीत ऑलिव्ह तेल, मीठ आणि लाल मिरचीची पूड घालून देतात. मी तो खाल्ला. आवडला. तुम्ही मांस-मासे खात नसाल तर ‘नो कोमो कार्ने नी पेस्कादो’ असं स्पष्ट सांगा. नुसतं शाकाहारी म्हटलं तर सॅलडमध्ये टूना घालून आणतात. ‘तोर्तिया’ म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट, अंडं चालत असेल तर ते कुठेही मिळतं. यात्रेकरूच्या थाळीबरोबर वाइन येते. नको असेल तर ‘आग्वा, पोर फाव्होर’ म्हणा, कुणी वाईट वाटून घेत नाही. वाटेतल्या नळावर ‘नो पोताब्ले’ लिहिलेलं असेल तर ते पाणी पिऊ नका. अडचणीत ११२ हा नंबर.

सोलापूरकराला भाषेची धास्ती नसावी. आपण सकाळी मराठीत बोलतो, बाजारात तेलुगू-कन्नड ऐकतो, शेजाऱ्याशी हिंदी-उर्दूत. गालिसियातही दोन भाषा आहेत, स्पॅनिश आणि गालिसियन. पाटीवर ‘बो कामिन्यो’ दिसलं तर ती गालिसियन. स्पॅनिशमध्ये ‘ब्वेन कामिनो’, वाटेवर भेटेल त्याला हेच म्हणायचं. एखाद्या आजीबाईंना ‘ग्रासियास’ऐवजी त्यांच्या भाषेत ‘ग्रासास’ म्हणून पाहा, चेहरा कसा उजळतो ते बघा. कानडी आजीला ‘चलो अदीरा?’ (बऱ्या आहात ना?) म्हटल्यावर होतं तसंच.

काय बघायचं

विल्याफ्रांका गावात चर्चचं एक दार आहे, क्षमेचं दार. जे यात्रेकरू आजारानं पुढे जाऊ शकत नसत, त्यांना या दाराशी पोचल्यावर सान्तियागोला पोचल्याचाच लाभ मिळे. थकलेल्याला एवढी सवलत देणारी धर्मव्यवस्था मला फार आपुलकीची वाटली.

सारियानंतरचं पहिलं मुक्कामाचं गाव पोर्तोमारिन. जुनं गाव १९६०च्या दशकात धरणाखाली गेलं. त्याआधी लोकांनी चर्चचे दगड एक-एक करून उतरवले आणि वरच्या टेकडीवर चर्च पुन्हा उभं केलं. पाणी उतरलं की जुन्या गावाचे अवशेष दिसतात. उजनीत पाणी आटल्यावर वर येणारं पळसनाथाचं देऊळ पाहिलेल्याला तिथे पुलावर उभं राहून वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. मी त्या गावातल्या दुकानदाराला मोबाइलवर उजनीचे फोटो दाखवले. त्यानं दुकान अर्ध्या तासासाठी बंद केलं आणि मला जुन्या गावाच्या गोष्टी सांगितल्या.

घरांशेजारी खांबांवर उभी असलेली दगडी-लाकडी कोठारं दिसतील, ती ‘ओर्रेओ’. आपण ज्वारी जमिनीत पेवात ठेवत आलो, ते धान्य हवेत ठेवतात, कारण तिथली जमीन कायम ओली असते. खांब आणि कोठार यांच्यामध्ये चपटा दगड असतो, उंदीर चढू नये म्हणून.

चर्चमध्ये

आपल्यातले बहुतेक अमेरिकन मराठी मिशनच्या प्रॉटेस्टंट परंपरेतले. तिथली चर्चं कॅथलिक आहेत: मूर्ती, मेणबत्त्या, संतांचे अवशेष. सुरुवातीला मी अवघडलो. मग पौल अथेन्समध्ये काय करत होता ते आठवलं. तो त्या शहरात फिरला, लोकांच्या भजनाच्या वस्तू त्यानं नीट पाहिल्या आणि त्यानंतर बोलला. मी मागच्या बाकावर बसून फक्त पाहू लागलो.

मिस्सेला, म्हणजे त्यांच्या उपासनेला, जरूर बसा. उभं राहणं, बसणं बाकीच्यांबरोबर करा. प्रभुभोजन मात्र कॅथलिक नसलेल्यांनी घ्यायचं नसतं. रांगेत जायचं असेल तर दोन्ही हात छातीवर आडवे ठेवा, पाद्री आशीर्वाद देतात. मला त्या रांगेत डोळ्यांत पाणी आलं, एकाच प्रभूच्या मेजाशी आपण अजून वेगवेगळे बसतो म्हणून. ते दुःख टाळू नका, बरोबर घेऊन चाला.

आणखी एका गोष्टीची मनाची तयारी ठेवा. काही ठिकाणी याकोब घोड्यावर बसून मुसलमानांना मारताना दाखवला आहे. मध्ययुगातल्या युद्धांच्या काळातली ती कल्पना. सान्तियागोच्या कॅथेड्रलमधल्या अशा पुतळ्याच्या पायथ्याशी फुलं रचून खालची माणसं झाकलेली असतात. मी विजापूर वेशीत वाढलेल्या मुसलमान मित्रांसोबत शाळेत गेलेला माणूस. मला तिथे उभं राहवलं नाही. हेरोद राजाच्या तरवारीनं स्वतः मेलेल्या प्रेषिताच्या हातात तरवार द्यावी, ही आपल्या धर्माच्या इतिहासातली जखम आहे, आणि कुणी विचारलं तर ती लपवू नये.

पोचल्यावर

शहराच्या पाच किलोमीटर अलीकडे मोन्ते दो गोसो, आनंदाची टेकडी. इथून कॅथेड्रलचे मनोरे पहिल्यांदा दिसतात. शेवटच्या दिवशी घाई करू नका. मोठी पिशवी कॅथेड्रलमध्ये नेता येत नाही, म्हणून आधी मुक्कामी ठेवा, मग यात्रेकरूंच्या कार्यालयात शिक्के दाखवून कोम्पोस्तेला घ्या. ती विनामूल्य असते. आत पश्चिमेला मातेओ या शिल्पकाराचं ‘पोर्तिको दे ला ग्लोरिया’ हे शिल्पांनी भरलेलं दार आहे, त्याच्या चौकटीवर ११८८ साल कोरलेलं आहे. दुपारी बाराच्या मिस्सेला अर्धा तास आधी जाऊन बसा.

परत आल्यावर मंडळीत दहा मिनिटं साक्ष द्यायला सांगतील. फोटो कमी दाखवा, क्रेदेन्सियालचे शिक्के हातोहात फिरू द्या, मुलांना ते फार आवडतात. आणि कोजागिरीला संध्याकाळी सातच्या आत घागर भरून ठेवा, आठनंतर नळाचं पाणी जातं.